चिडलेल्या माणसाचं इंग्रजी

"खूश माणसाकडून इंग्रजी शिकू नका," सर पहिल्याच तासाला सांगायचे. "खूश माणसाला तीन शब्द पुरतात. ग्रेट, ऑसम, लव्ह इट. संपलं. चिडलेल्या माणसाकडं जावा. चिडला की माणूस सगळी भाषा बाहेर काढतो की."

मी त्या क्लासात टिकले ती या वाक्यामुळे. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि बारा महिने चिडलेली असायचे. कॉलेज करता करता कामगारांच्या एका लहानशा संघटनेसाठी पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या फाटकावर उभी राहून वाटायचेसुद्धा. इंग्रजी मला नोकरीसाठी नको होतं. आमच्या बायकांनी शिवलेले टॉवेल जे परदेशी व्यापारी विकतात, त्यांना त्यांच्याच भाषेत चार शब्द सुनावायचे होते.

क्लासवाल्यांबद्दल इथेच बोलून घेते, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. सोलापुरात इंग्रजी शिकवणाऱ्यांचे बोर्ड गल्लोगल्ली आहेत. मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. दोन्हीकडे शिकवलं काय? मी आत येऊ का, सर. मी पाणी पिऊ का, सर. आजोबा वारल्यामुळे दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. सगळी वाक्यं परवानगी मागण्याची. आज्यानं गिरणीत मान खाली घातली ती मराठीत आणि तेलुगूत, नातवानं ऑफिसात घालायची ती इंग्रजीत, एवढीच काय ती प्रगती. सरांच्या क्लासात परवानगी मागायचं एकही वाक्य नव्हतं.

क्लास भवानी पेठेत, सरांच्या चुलतभावाच्या लूमच्या शेडला लागून असलेल्या खोलीत भरायचा. भिंतीपलीकडे दोन माग खडाखडा चालू असायचे. नवीन मुलं म्हणायची, सर, काही ऐकू येत नाही. सर म्हणायचे, "मागापेक्षा मोठ्यानं बोला. इंग्रजीची भीती आपोआप जाती." आमच्यातली लाजरी मुलगीही महिन्याभरात ओरडून इंग्रजी बोलायची, आणि मग कुठेही गेली तरी ओरडूनच बोलायची. सरांचे विद्यार्थी असे लांबूनही ओळखू यायचे.

सरांना सगळी पेठ टॉवेलसर म्हणायची. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि खांद्यावर कायम एक्स्पोर्टमधून बाद झालेला टॉवेल. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. शिक्षण बारावी. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात ते कागदपत्रांचे क्लार्क होते, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. अमेरिकेत आमचे टॉवेल घेणारी माणसं ज्या तक्रारी लिहितात, त्या सगळ्या वाचायच्या. रंगाच्या एकीकडे, धाग्याच्या एकीकडे, वासाच्या एकीकडे, अशा लावायच्या आणि कुणाचं कुठे चुकलं ते त्या त्या खात्याला मराठीत कळवायचं. सुरुवातीला तक्रारी पत्रानं यायच्या, पुढे कॉम्प्युटरवर. सर त्यांच्या झेरॉक्स काढून आणायचे. तेच आमचं पाठ्यपुस्तक.

"या टॉवेलनं अंग पुसण्यापेक्षा प्लास्टिकची पिशवी बरी," असं कुणीतरी टेक्सासहून लिहिलेलं असायचं. किंवा, धागे सुटणाऱ्या टॉवेलबद्दल, "माझा कुत्रासुद्धा एवढे केस गाळत नाही." सर ते वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहायचे आणि मग त्यातून अमेरिका सुरू व्हायची. कुत्रा घरात कसा, सोफ्यावर कसा, त्याचे केस काढायला वेगळं मशीन कसं. टॉवेलच्या लेबलावर 'टम्बल ड्राय लो', म्हणजे मशीनमध्ये कमी उष्णतेवर वाळवा, असं का लिहितात? तर तिकडे बऱ्याच वसाहतींत दोरीवर कपडे वाळत घातलेले चालत नाहीत, शेजारी कुरकुरतात. हे ऐकून सगळा क्लास हसला. आमच्याकडे ऊन एवढं, की टॉवेल पिळून दोरीपर्यंत जाईस्तोवर अर्धा वाळतो.

"अमेरिकेला मी गेलेलो नाही," सर म्हणायचे, "पण त्यांच्या बाथरूममधी तीस वर्षं उभा हाय."

"सर, हे बाहेर कुटं बोलू नका," मागून कुणीतरी म्हणायचंच.

पण ते खरं होतं. एकदा त्यांनी एका बाईची तक्रार वाचून दाखवली. निळा टॉवेल पहिल्या धुण्यात फिका पडला, एवढंच. खाली एक ओळ होती: दोनच घेतले होते, आता मला दोनच लागतात. सर थांबले. "ही तक्रार रंगाची नाही गं. घरातलं माणूस गेलंय. मेलं असंल नाहीतर सोडून गेलं असंल." मग त्यांनी आम्हाला त्या एका ओळीवर दोन दिवस बोलायला लावलं. घटस्फोट, सामान वाटून घेणं, नव्या घराची पहिली खरेदी, यांचे सगळे शब्द त्यातून आले. मला विचाराल तर, दुसऱ्याच्या दुःखाचे शब्द इतक्या हळू हातानं उचलणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

'गेस्ट टॉवेल' हा त्यांचा आवडता धडा. अमेरिकेत पाहुण्यांसाठी नक्षीचे छोटे टॉवेल बाथरूममध्ये ठेवतात आणि त्याला हात पुसायची कुणाची हिंमत होत नाही, पाहुण्याचीही नाही. मुलं म्हणाली, असं कसं सर, टॉवेल कशाला मग? सर म्हणाले, "का? लग्नात, सत्कारात टॉवेल-टोपीचा आहेर घेता की. ती टोपी कोण घालतंय? तो टॉवेल कोण वापरतंय? मामाकडून आलेला टॉवेल काकाला जातो, काकाकडून व्याह्याला. माझ्या घरातून गेलेला एक टॉवेल पाच वर्षांनी माझ्याच सत्काराला परत आला. डाग ओळखला मी." मिळालेली भेट दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याला तिकडे 'रीगिफ्टिंग' म्हणतात. हा शब्द आम्ही कुणी जन्मात विसरणार नाही.

'हाऊ आर यू'चंही तसंच. त्या प्रश्नाला तब्येत सांगत बसायचं नसतं, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. सरांनी विचारलं, "तुझ्या गल्लीतली म्हातारी तुला 'जेवलीस का' म्हणून विचारती, तवा तू भाजी कुठली होती ते सांगतीस का?" झाला धडा.

दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला ते आमच्याकडून 'पॉटलक' करून घ्यायचे. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, कोण काय आणणार ते आधी ठरवायचं नाही, अमेरिकेत असंच असतं असा त्यांचा आग्रह. मी गेले त्या वर्षी आम्ही चौदा जण होतो. अकरा डब्यांत शेंगाचटणी निघाली. उरलेल्या तिघांनी दही आणलं होतं, शेंगाचटणीवर लागतं म्हणून. भाकरी एकानंही आणली नव्हती. सरांनी अकराही डबे उघडून एका ओळीत मांडले, प्रत्येकातली चिमूट चिमूट चटणी खाल्ली आणि कुठली कशी आहे त्यावर इंग्रजीत तक्रार लिहायला लावली. माझ्या आईच्या चटणीविरुद्ध जे लिहिलं गेलं ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

मी माझं पहिलं इंग्रजी पत्रक त्यांना दाखवलं, तो दिवसही मी विसरलेले नाही. मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. 'आम्ही तीव्र निषेध करतो'पासून सुरुवात. सरांनी चष्मा वर केला.

"आम्ही म्हंजे कोण?"

"कामगारवर्ग, सर."

"कामगारवर्ग दुकानात टॉवेल आणायला जातो का?"

"नाही."

"मग कोण जातं? एक बाई जाती. हे वाचणारी पण एक बाईच हाय, तिकडं स्वयंपाकघरात उभी. वर्गानं वर्गाला लिहिलेलं कुणी वाचत नाही. तीन वाक्यं लिही. काय मिळालं, त्याचं काय झालं, आता काय पाहिजे. निषेध तिचा तिला करू दे."

मला राग आला. माझ्या पत्रकांत प्रत्येक ओळीला दोन उद्गारचिन्हं असायची आणि मला ती प्यारी होती. मी म्हटलं, "सर, तिकडच्या बाईला टॉवेल खरखरीत लागला तर तुम्ही दोन दिवस तिच्या दुःखाचे शब्द शिकवता. तो शिवणाऱ्या नरसम्माक्काचं काय? तिची तक्रार कोण वाचतं?"

नरसम्माक्का आमच्या शेजारची. सरांच्याच कारखान्यात शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा मारायची. त्या खात्यात कापसाचा बारीक तूस दिवसभर हवेत तरंगतो, केसांवर, पापण्यांवर बसतो, आणि छातीत जातो. अक्काला दोन वर्षं खोकला होता. रात्री भिंतीपलीकडून तो आम्हाला ऐकू यायचा.

सरांनी चष्मा काढला, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला. "आज एवढंच," म्हणाले आणि क्लास पंधरा मिनिटं आधी सोडला. मी समजले, माणूस भित्रा आहे. तसं घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा.

बी.ए. झाल्यावर त्याच उन्हाळ्यात मी त्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर लागले. घरची गरज होती हे खरं, आणि आत काय चालतं ते डोळ्यांनी बघायचं होतं हेही खरं. पत्रकं मी लिहिते हे तिथे फक्त सरांना ठाऊक होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. जिन्यात भेटले तर ओळख दाखवायचे नाहीत, फक्त जाता जाता पुटपुटायचे, "हाऊ आर यू," आणि उत्तराला न थांबता पुढे जायचे.

मास्क या कारखान्यात होते. पेटी भरून होते. वर्षातून एकदा, अमेरिकेतला व्यापारी आपला माणूस तपासणीला पाठवायचा, त्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते वाटले जायचे आणि संध्याकाळी पाच वाजता मोजून परत घेतले जायचे. वर्षभर बायका पदर तोंडाला बांधून कडा मारायच्या.

त्या वर्षी तपासणीला एक अमेरिकन बाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, पायात सपाट बूट, हातात पाण्याची बाटली. फरशी धुतली गेली होती, औषधाच्या पेटीत पट्ट्या आल्या होत्या, मास्क वाटले होते. त्यांनी हजेरीपटावर बोट ठेवून चार बायका निवडल्या आणि एका खोलीत बोलावल्या. मालकाच्या माणसांनी आत यायचं नाही असा त्यांचा नियम होता. दुभाषी म्हणून फक्त सर. चार बायकांत नरसम्माक्का होती. आणि मी होते.

सर आत आले, मला बघितलं आणि खुर्चीवर बसण्याआधी एकदा दाराकडे बघितलं.

बाईंनी विचारलं, मास्क रोज मिळतो का? अक्का म्हणाली, "आज दिल्यात. सांजच्याला परत घेत्यात. वरीसभर पदर बांधतो आमी." सरांनी इंग्रजीत सांगितलं: हो, त्यांना मास्क मिळतो.

बाईंनी ते लिहून घेतलं. विचारलं, तब्येतीचा काही त्रास? अक्का म्हणाली, "दोन वरसं झाली, छाती भरती. रात्री उठून बसाय लागतंय." सर म्हणाले: कधी कधी थोडा खोकला होतो, असं त्या सांगतात.

दरवर्षी हे असंच झालं असणार, हे मला त्या क्षणी कळलं. खोलीत एकीकडे मराठी कळणाऱ्या, एकीकडे इंग्रजी कळणारी, आणि मधे एकच पूल. त्या पुलावरून काय जातं आणि काय खाली टाकलं जातं हे बघणारं आजवर कुणी नव्हतं. आता होतं, आणि तिला शिकवलं होतं पुलानंच.

मी उभी राहिले. जे तोंडात आलं ते ओरडून इंग्रजीत बोलले, मागापेक्षा मोठ्यानं. हे खोटं आहे, हे शोषण आहे, आम्ही कामगार तीव्र निषेध करतो, आमच्या हक्कांची पायमल्ली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या पेनानं एक अक्षर लिहिलं नाही. मला दिसत होतं, माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं म्हणाले.

तेव्हा सर बोलले. मराठीत, माझ्याकडे न बघता, वर्गात बोलतात तसे. "तसं नाही. काय मिळालं, काय झालं, काय पाहिजे. सावकाश."

मी तोंडावरचा मास्क काढून हातात धरला. म्हणाले, हा मला आज सकाळी नऊ वाजता मिळाला. पाच वाजता तो परत घेतील. मला तो ठेवायचा आहे.

बाईंनी लिहिलं. मग सरांकडे वळून विचारलं, हे खरं आहे का? सरांनी खांद्यावर हात नेला, टॉवेल त्या दिवशी नव्हता, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. म्हणाले, खरं आहे. आधी मी सांगितलं ते चूक होतं, या बाईंची दोन्ही उत्तरं मी पुन्हा सांगतो. आणि त्यांनी सांगितली. पदर, छाती, रात्री उठून बसणं, दोन वर्षं. असं इंग्रजी मी त्यांच्या तोंडून क्लासातही कधी ऐकलं नव्हतं. अक्काच्या बोलण्यातलं काही गळालं नाही, काही वाढलं नाही. बाईंनी मधे एकदा पेन थांबवून अक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यावरून मी समजले, हे पोचलं.

बाईंनी जाताना मालकाला मास्कबद्दल विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सरांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मला लगेच काढलं असतं तर ते तपासणीत दिसलं असतं, म्हणून मी राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आभार मानायला नाही, जाब विचारायला. म्हटलं, किती वर्षं असं सांगत आलात?

"नऊ," ते म्हणाले.

"का?"

त्यांची बायको आत विड्या वळत बसली होती. त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "ही आधी टॉवेलात होती. दुसऱ्या कारखान्यात. मी तिथं पण होतो. पहिल्या तपासणीला सगळं खरं सांगितलं मी, शब्दाला शब्द. लई चांगलं इंग्रजी झालं त्या दिवशी. व्यापाऱ्यानं माल परत केला, ऑर्डर दुसऱ्या देशात नेली. सात महिन्यांत शेड रिकामी. अमेरिकेत माणूस तक्रार करतो तेव्हा टॉवेल परत करतो, पोरी. आपण टॉवेलच्या बाजूला हाव. टॉवेल परत आला की बाई घरी बसती."

आतून त्यांची बायको विडीवरून डोकं न उचलता म्हणाली, "बसती म्हंजे रिकामी बसती असं नाय."

मी भांडायला गेले होते. माझ्याकडे मुद्दे होते. खरं लपवून नोकऱ्या टिकतात ही मालकांची शिकवण आहे, वगैरे. आजही मला ते मुद्दे बरोबर वाटतात. पण त्या दिवशी ते तसेच घेऊन मी घरी परत आले.

पुढचे तीन आठवडे कुणावरही येऊ नयेत असे गेले. अमेरिकेतून पत्र यायचं होतं. ऑर्डर राहणार की जाणार, हे त्या पत्रात असणार होतं, आणि शिलाई खात्यातल्या साठ बायकांना ते ठाऊक होतं. माझ्याशी कुणी बोलेना. डबा खाताना माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची. एकीनं ऐकू जाईल असं म्हटलं, "हिचं शिकणं झालं, आपलं काम गेलं." नरसम्माक्कासुद्धा खाली मान घालून जायची. तिला तर दोन्हीकडून मार होता. खोकला तिचा, बोलणंही तिचं, आणि काम गेलं तर सगळ्यांचं तिच्यामुळे गेलेलं. रात्री भिंतीपलीकडे ती तोंडावर उशी दाबून खोकायची. मला कळू नये म्हणून.

पत्र आलं. त्यात एक अट होती की ते सगळ्या कामगारांसमोर त्यांच्या भाषांत वाचून दाखवावं आणि इंग्रजी प्रत बोर्डावर लावावी. सकाळी प्रत बोर्डावर लागली. साठ बायका तिच्यासमोरून गेल्या आणि अक्षर न कळता पुढे गेल्या. मी चहाच्या सुट्टीत वाचली, दोनदा वाचली. कुणाला सांगायला तोंड उघडणार तोच मॅनेजरनं सगळ्यांना कटिंगच्या टेबलापाशी जमायला सांगितलं. तिथे सर उभे होते. हिशेब पुरा करायला त्यांना त्या दिवशी बोलावलं होतं, आणि मॅनेजरनं तेच पत्र त्यांच्या हातात दिलं. "तुमचाच पराक्रम आहे सर, तुम्हीच वाचा." तो हसत होता. पत्रात काय आहे ते त्यानं वाचलेलं होतं. मीही वाचलेलं होतं. सरांनी नव्हतं.

सर उभ्या उभ्या पत्रावरून एकदा शेवटपर्यंत नजर फिरवून आले. मग सुरुवात केली. एक वाक्य मराठीत, तेच तेलुगूत, आणि अक्कलकोटकडच्या तिघींसाठी मोडक्यातोडक्या कन्नडात.

ऑर्डर आम्ही काढून घेत नाही. हे वाक्य तिन्ही भाषांत होईपर्यंत तीन वेळा तोच सुस्कारा वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ऐकू आला. मास्क रोज द्यायचे, परत घ्यायचे नाहीत. तूस ओढून घेणारे पंखे तीन महिन्यांत बसवायचे. ज्यांना खोकला आहे त्यांची डॉक्टरकडून तपासणी कारखान्यानं करायची आणि त्या कारणानं कुणालाही कामावरून काढायचं नाही. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा येऊ, झालेलं नसलं तर मग ऑर्डर जाईल. सर एकही शब्द गिळत नव्हते. जिथे अमेरिकन वाक्प्रचार होता तिथे थांबून आमच्या गल्लीतला शोधत होते.

मग ती ओळ आली. मी टेबलाची कड धरली. त्यांनी ती सोडली असती तर माझ्याखेरीज कुणाला कळलं नसतं, मॅनेजरनं फार तर खाकरून दाखवलं असतं.

"मागची वर्षं," सर म्हणाले, "तुम्ही जे सांगितलं ते दुभाष्यानं आमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. हा दुभाषी आम्हाला पुन्हा नको." मराठीत झालं. तेलुगूत सांगताना त्यांना नरसम्माक्काकडे बघावं लागलं, कारण ती पुढेच उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघूनच सांगितलं. कन्नडातही सांगितलं. मग पत्राची घडी घातली.

मॅनेजरनं हात पुढे केला, पत्र घ्यायला.

"अजून एक ओळ आहे," मी म्हणाले.

सर म्हणाले, "नाही, संपलं."

"संपलेलं नाही. बोर्डावर आहे. मी वाचते."

मी ती मराठीत सांगितली, मला आली तशी. सावकाश, न ओरडता. "त्याच माणसानं त्या दिवशी आमच्या तोंडावर आपली चूक कबूल केली आणि तुमचं सगळं बोलणं आम्हाला पुन्हा सांगितलं. आपली नोकरी जाणार हे त्याला कळत होतं. याची आम्ही नोंद घेतली आहे."

मॅनेजर हसायचा थांबला. सर चष्मा पुसायला काहीतरी शोधत होते. मला तेलुगू धड येत नाही, म्हणून ती ओळ नरसम्माक्कानं मागे वळून बायकांना सांगितली, मधे खोकल्यासाठी दोनदा थांबून. मग ती सरांकडे वळली आणि तोंडावर बांधलेला पदर खाली ओढला.

"तेवढंच का सोडलासा, सर?" ती म्हणाली. "सगळं वाचायचं की."